ईसीएम बदलण्याआधी

सेल्फ मारला की इंजिन गरगर फिरतं, पण पेट घेत नाही. स्कॅनर लावावा तर एकदम सात-आठ कोड उगवतात, नाहीतर स्कॅनरचं गाडीशी बोलणंच होत नाही. मागे टोमॅटोचे क्रेट भरलेले आणि वाशी मार्केटची वेळ टळत चाललेली. अशा वेळी गॅरेजात कोणाच्या तरी तोंडून दोन शब्द निघतात, ‘ईसीएम गेला’. मालकाच्या पोटात गोळा येतो, कारण पिकअपच्या सुट्या भागांत इतके महाग भाग बोटांवर मोजण्याइतकेच. माझं मत विचाराल तर हे दोन शब्द सगळ्यात शेवटी उच्चारायचे असतात. आपल्याकडे ते सगळ्यात आधी उच्चारले जातात.

ईसीएम म्हणजे इंजिन कंट्रोल मॉड्यूल. ईसीयू म्हटलं तरी मिस्त्रीला कळतं. ॲल्युमिनियमची चपटी पेटी, पाठीवर उष्णता बाहेर टाकण्यासाठी पन्हळ्या, एका कडेला दोन मोठे कपलर आणि दोन्हींत मिळून शंभराच्या आसपास पिना. कुठे ती डॅशबोर्डखाली असते, कुठे बॉनेटखाली, कुठे क्लीनरच्या पायाशी.

ही पेटी गाडीत काही आजकाल आलेली नाही. बॉशने १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या पेट्रोल गाडीत इलेक्ट्रॉनिक इंधनफवारणी आणली. डिझेलसाठी बॉशचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोल १९८६ मध्ये आला, आणि १९९७ च्या अल्फा रोमिओ १५६ मध्ये कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना दाबाखालचं डिझेल पुरवणारी एकच नळी, प्रथमच प्रवासी मोटारीत बसलं. त्या कॉमन रेलचं मूळ संशोधन फियाटचं, कारखान्यात उतरवलं बॉशने. आपल्या खेडोपाडीच्या पिकअपला मात्र कितीतरी वर्षं या कशाशीच देणंघेणं नव्हतं. महिंद्राच्या जुन्या २५२३ सीसीच्या डीआय इंजिनावर यांत्रिक पंप होता. डिझेल किती सोडायचं ते गव्हर्नरची स्प्रिंग आणि वजनं ठरवायची. अशा बऱ्याच गाड्यांत इंजिन एकदा चालू झालं की बॅटरी असो नसो, त्याला फिकीर नसे. पुढे त्याच २५२३ सीसीच्या इंजिनाला कॉमन रेल आलं. १ एप्रिल २०१७ पासून देशभर प्रदूषणाचं बीएस-४ मानक आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, आणि डिझेलचा प्रत्येक थेंब पेटीच्या हुकमाखाली गेला. ज्या नाशिक भागातला कांदा ही गाडी वाहते, तिथल्याच सातपूरला बॉशच्या कारखान्यात डिझेलची नोझलं आणि इंजेक्टर बनत आले. जुने लोक त्याला अजून जुन्या नावाने, मायकोच म्हणतात.

पेटीचं काम किती नाजूक आहे ते आकड्यांत पाहिलेलं बरं. क्रँकवर एक दातेरी चाक असतं. साठ दात्यांची जागा, त्यातले दोन मुद्दाम गाळलेले. समोरचा सेन्सर दाते मोजतो आणि ती मोकळी जागा आली की पेटीला पिस्टन नेमका कुठे आहे ते कळतं. इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर चार सिलिंडरांत मिळून सेकंदाला जवळपास ६७ वेळा डिझेल पेटतं. दरवेळी आधी एक बारीक चिळकांडी आणि मग मुख्य फवारा. म्हणजे इंजेक्टर सेकंदाला सव्वाशेहून जास्त वेळा उघडतात आणि मिटतात. या वेगात क्रँकला एक अंश फिरायला ८३ मायक्रोसेकंद लागतात, आणि रेलमध्ये हजार-दीड हजार बारच्या दाबाने डिझेल ताटकळत असतं. इंजेक्टरची झडप इतक्या झटकन उचलायला १२ व्होल्ट पुरत नाहीत, म्हणून पेटी आतल्या कपॅसिटरमध्ये त्याच्या चार-पाचपट व्होल्टेज साठवून ते एका फटक्यात सोडते. चालू इंजिनावर इंजेक्टरचा कपलर ओढू नये, त्याचं एक कारण हे.

एवढं सगळं करणारी पेटी वर्षानुवर्षं धूळ, हादरे आणि उन्हाळे सोसते. तिचं सर्किट लेपाने किंवा जेलने झाकलेलं असतं. आपणहून ती क्वचित मरते. बहुतेक वेळा तिला कोणीतरी मारतं. बॅटरी उतरलेली असताना रस्त्यावर दुसऱ्या गाडीवरून केबल लावताना लाल-काळ्याची अदलाबदल होते. सर्व्हिसिंगच्या नावाखाली प्रेशर पंपाचं पाणी थेट कपलरवर मारलं जातं. इंजेक्टरच्या वायरचं आवरण ब्रॅकेटला घासून घासून जातं, तांबं चेसीला टेकतं आणि पेटीतला तो इंजेक्टर चालवणारा ट्रान्झिस्टर जळतो. उंदीर तर आहेतच. या शेवटच्या दोन प्रकारांत खरी गोम आहे. ट्रान्झिस्टर ज्या वायरने जाळला ती वायर तशीच ठेवून नवी पेटी बसवली, तर चावी फिरवताच नवीही जाते. दोन पेट्यांचं बिल एका मालकाने भरलेलं ऐकलं की मला हाच संशय येतो.

आता न गेलेला ईसीएम गेल्यासारखा कसा दिसतो ते पाहू. पेटी बऱ्याच सेन्सरांना स्वतःच्या घरातून पाच व्होल्ट पुरवते. रेलच्या दाबाचा सेन्सर, ॲक्सिलरेटरच्या पेडलचा सेन्सर, बूस्टचा सेन्सर असे काही जण त्या पाच व्होल्टवर जगतात, आणि अनेकदा तीन-चार जण एकाच ओळीवर असतात. त्यातल्या एकाची वायर कुठे चेसीला टेकली किंवा एक सेन्सर आतून शॉर्ट झाला, की ती ओळच बसते. बिचारे बाकीचे धडधाकट सेन्सरही मुके होतात. स्कॅनरवर रेल प्रेशर, पेडल, बूस्ट अशी कोडांची वरात निघते. इतक्या गोष्टी एकदम बिघडणार कशा, तेव्हा मेंदूच गेला असणार, असा तर्क लढवला जातो. तर्क सुचायला सोपा आहे, आणि चुकीचा आहे.

पडताळायला पंधरा मिनिटं पुरतात. मल्टिमीटरचं काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल टोक पेडलच्या कपलरमधल्या पाच व्होल्टच्या वायरवर. चावी ऑन. मीटरवर पाचच्या जागी ०.३ वगैरे दिसलं, की मीटर तसंच धरून दुसऱ्याने त्या ओळीवरचे सेन्सर एकेक करून सोडवायचे. बूस्टचा सोडवला, ०.३. रेलचा सोडवला, आकडा टणकन उडी मारून ५.० वर. चोर सापडला. सगळे सोडवूनही आकडा हलला नाही, तर वायरिंग तपासायचं. आणि ईसीएमचा कपलर काढल्यावर ती वायर चेसीपासून पूर्ण मोकळी निघाली, तरच बोट पेटीकडे वळवायचं.

दुसरं नाटक अर्थिंगचं. पेटीला बॅटरीचा प्लस आणि अर्थ, दोन्ही अनेक पिनांवर येतात. चेसीवर जिथे अर्थची वायर बोल्टने आवळलेली असते तिथे गंज धरतो. मिठाच्या पाण्यात भिजलेल्या बर्फातली मासळी वाहणाऱ्या कोकणातल्या गाड्यांत तर विचारूच नका. मीटर इथे चक्क फसवतो. दहा-वीस तारांच्या वायरमधली एक तार शाबूत असली तरी मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटरला करंट जवळपास लागतच नाही. म्हणून जुने वायरमन मीटरऐवजी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब वापरतात. कपलर काढायचा, बल्बचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं कपलरमधल्या अर्थच्या पिनेला. बल्ब पावणेदोन ॲम्पिअर मागतो. तो लख्ख पेटला तर अर्थ खरा, मिणमिणला तर खोटा. प्लसच्या पिना तपासताना बल्बचं एक टोक निगेटिव्हला धरायचं, पण आधी एक गोष्ट लक्षात घ्यायची: बऱ्याच गाड्यांत मेन रिले ईसीएमच ओढतो, त्यामुळे कपलर काढला की रिले पडतो. तेव्हा रिलेच्या सॉकेटमध्ये तात्पुरती जोडणी करावी लागते. आणि कपलरच्या पिनेत मीटरचं जाड टोक खुपसायचं नाही. ती नाजूक पकड फाकते, आणि नसलेला लूज काँटॅक्ट आपणच तयार करून ठेवतो.

स्कॅनर बोलतच नसेल तर वेगळी वाट. पेटी, डॅशबोर्डवरच्या मीटरचा डिस्प्ले, असला तर एबीएस, हे सगळे कॅन नावाच्या दोन पिळलेल्या वायरींवर आपसात बोलतात. ही पद्धतही बॉशचीच, १९८६ ची. या जोडीच्या दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रोध असतात. बॅटरी सोडवून डायग्नॉस्टिक सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजले तर ६० च्या आसपास यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आले तर वायरी एकमेकींना चिकटल्यात. त्याच सॉकेटच्या १६ नंबरवर बॅटरीचा प्लस असतो. तो एका फ्यूजवरून येतो, आणि तो फ्यूज पुष्कळदा सिगारेट लायटरच्या सॉकेटलाही पुरवठा करतो. क्लीनरने तिथे स्वस्तातला मोबाइल चार्जर खुपसून फ्यूज उडवला की स्कॅनरच चालू होत नाही, आणि बालंट येतं ईसीएमवर.

कोड वाचतानाही अशीच गफलत होते. यू ०१०० हा कोड सांगतो की इंजिनच्या ईसीएमशी संपर्क तुटलाय. पण हे सांगणारा असतो दुसराच कोणी, डॅशबोर्डवरचा मीटर किंवा एबीएस. त्याला समोरून उत्तर आलं नाही, एवढीच त्याची साक्ष. समोरचा मेला की त्याचा फ्यूज गेला, हे त्याला काय माहीत? पी ०६०१ आणि पी ०६०६ मात्र पेटीचे स्वतःबद्दलचे कोड. पहिला म्हणतो मेमरीचा हिशेब जुळत नाही, दुसरा म्हणतो प्रोसेसरच्या कामात दोष आहे. प्लस-अर्थ पक्के असताना, बॅटरी चांगली असताना हे कोड पुसूनही परत परत आले, तर पेटीवर संशय घ्यायला जागा आहे. सेल्फ मारताना व्होल्टेज फार खाली जात असेल तर या कोडांवरही विश्वास टाकू नये.

समजा, हे सगळं झालं आणि पेटी खरंच गेली. काढणं-बसवणं हे यातलं सगळ्यात सोपं काम. चावी बंद करून काही मिनिटं थांबायचं, कारण चावी काढल्यावरही पेटी थोडा वेळ जागी राहते आणि शिकलेले आकडे मेमरीत लिहून ठेवते. मग बॅटरीचं निगेटिव्ह, मग कपलरचा खटका उचलून लिव्हर पूर्ण मागे. पक्कडीने ओढाताण करायची नाही. बाहेर आलेल्या कपलरकडे टॉर्चच्या उजेडात नीट बघायचं. पिनेवर हिरवट बुरशी दिसली तर पाणी शिरलंय, आणि ते कुठून शिरलं ते शोधेपर्यंत नवी पेटी खोक्यातून काढायची नाही. कधीकधी पाणी इंजिनच्या सेन्सरमधून वायरच्या आत शिरून, तारांच्या फटीतून चढत चढत पेटीपर्यंत पोहोचतं. जुन्या पेटीवरचे नंबर नव्याशी अक्षरन् अक्षर जुळवायचे. बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या दोन पेट्या दोन वेगळ्या मॉडेलच्या असू शकतात.

नवा ईसीएम म्हणजे दप्तराचा चार्ज न मिळालेला, बदली होऊन आलेला तलाठी. खुर्चीत बसला, पण गावातलं एकही खातं त्याला ठाऊक नाही. आधी त्याच्यात त्या गाडीचं सॉफ्टवेअर भरावं लागतं. मग सतरा अक्षर-अंकांचा चेसी नंबर लिहावा लागतो. महिंद्राचे नंबर एमए१ ने सुरू होतात, टाटाचे एमएटीने. मग गाडीत एसी आहे का, कुठला गिअरबॉक्स आहे, अशी माहिती.

यानंतर इंजेक्टर. कारखान्यात दोन इंजेक्टर कधीच तंतोतंत सारखे निघत नाहीत. म्हणून प्रत्येकाची चाचणी घेऊन त्याचा कमी-जास्तपणा सांगणारा छोटा कोड त्याच्या डोक्यावर कोरलेला असतो. हे चारही कोड आपापल्या सिलिंडरच्या नावावर पेटीत चढवावे लागतात. न चढवता गाडी चालू होते खरी, पण आयडलला थरथरते, धूर काढते, आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत दारात. जुनी पेटी थोडी तरी जिवंत असेल तर तिच्यातून हे कोड आधी वाचून कागदावर उतरवून ठेवावेत. नाहीतर इंजेक्टरवरची काजळी पुसत, आरसा लावून ते वाचण्याची वेळ येते.

बीएस-६ गाडीत आणखी एक बाब राहून जाते आणि महागात पडते. डीपीएफ या धुराच्या फिल्टरमध्ये काजळी किती साचली आणि कधीही न जळणारी राख किती साचली, याचा अंदाज पेटी वर्षानुवर्षं मांडत आलेली असते. नव्या पेटीला वाटतं फिल्टर कोरा करकरीत आहे. लाखभर किलोमीटर चाललेल्या गाडीचा हा हिशेब नव्या पेटीत चढवला नाही, तर फिल्टर साफ करण्याचं तिचं वेळापत्रकच चुकतं. चावीत चिप असलेल्या गाडीत चावी, इमोबिलायझर आणि पेटी यांची ओळख पुन्हा जुळवावी लागते. ती जुळेपर्यंत इंजिन क्षणभर चालू होऊन बंद पडतं किंवा चालूच होत नाही, आणि इथेही नव्या पेटीला उगाच दोष दिला जातो.

सॉफ्टवेअर भरताना बॅटरीला स्थिर पुरवठा देणारं यंत्र लावलेलं हवं. साधा चार्जर चालत नाही, त्याचं व्होल्टेज वरखाली होतं. चावी ऑन, पंखा मध्येच चालू होतोय, बॅटरी जुनी, आणि भरणं निम्म्यावर असताना व्होल्टेज पडलं, तर पेटी अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत अडकते. काही वेळा ती टेबलावर उघडून वाचवता येते, काही वेळा नाही.

हे सगळं करण्याचा अधिकार कोणाकडे, हा वेगळाच वाद. पेटीत लिहायचं तर ती आधी एक आकडा पुढे करते, आणि त्याला गुप्त सूत्राने काढलेलं उत्तर मिळालं तरच दार उघडते. सूत्र कंपनीकडे. त्यामुळे तालुक्याच्या गावातला हुशार वायरमन दोष शोधू शकतो, पेटी बसवू शकतो, पण शेवटच्या पायरीसाठी गाडी टो करून जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावी लागते. चोरी आणि प्रदूषणाच्या आकड्यांशी छेडछाड रोखण्यासाठी कुलूप हवंच, हे मला मान्य. पण त्याच नंबरची नवी पेटी त्याच गाडीत बसवणाऱ्यालाही तेच कुलूप अडवतं, हे पटत नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्ये यावर कायदाच करून घेतला, आणि २०१४ मध्ये मोटार कंपन्यांनी देशभर तशी माहिती देण्याचा करार केला. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं पोर्टल उघडलं. त्यात मोटारगाड्याही आहेत. पोर्टल मात्र कायदा नव्हे.

या कुलपामुळेच भंगारातल्या पेट्यांचा बाजार चालतो. तिथली पेटी स्वस्त पडते, पण ती दुसऱ्याच गाडीचा चेसी नंबर आणि दुसऱ्याच चाव्या डोक्यात घेऊन आलेली असते. क्लोनिंगवाले जुन्या पेटीची मेमरी वाचून जशीच्या तशी हिच्यात उतरवतात. जुन्या पेटीची मेमरी शाबूत असेल आणि फक्त ट्रान्झिस्टर जळला असेल, तर हा मार्ग तांत्रिकदृष्ट्या चोख आहे. त्याहून चोख म्हणजे जळालेला ट्रान्झिस्टरच बदलणं, आणि पुण्या-मुंबईत टेबलावर असं काम करणारे कसबी लोक आहेत. धोका तिथे, जिथे क्लोनिंगसोबत ‘थोडा पिकअप वाढवून देतो’ असं फुकटात मिळतं. त्यात धुराचे आणि डीपीएफचे आकडे बदलले जातात. सॉफ्टवेअरची स्वतःची तपासणी-संख्या असते, तिच्यावरून ही लबाडी पकडता येते.

बिल भरताना मालकाने दोन गोष्टी मागाव्यात: जुनी पेटी, आणि ती कशाने गेली याचं उत्तर. उत्तर म्हणून जळकी वायर, गंजलेला बोल्ट, हिरवी पडलेली पीन असं काहीतरी डोळ्यांनी बघता आलं पाहिजे. साध्या मोटार विम्यात आपोआप झालेला इलेक्ट्रिकल बिघाड बसत नाही, त्यामुळे दुसऱ्या वेळचा खर्चही खिशातूनच जातो.

पेटीला मारू शकणारा आणखी एक जण म्हणजे बॉडीवाला. नवा हुड, कडेची जाळी, मागचा हुक, पिकअपला वर्षातून एकदा तरी वेल्डिंगचा रॉड लागतोच. वेल्डिंगचा शेकडो ॲम्पिअरचा करंट चेसीतून परत जाताना वाट शोधतो, आणि अर्थच्या वायरीतून पेटीत शिरणं त्याला अजिबात अवघड नाही. रॉड पेटवण्याआधी बॅटरीची दोन्ही टोकं सोडवावीत, ईसीएमचे कपलर काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधावेत, आणि वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प समोरच्या बंपरला न लावता जिथे जोड मारायचा त्याच्या वीतभर अंतरावर, रंग खरवडून लावायला सांगावं.